कानामागं दाखव

कुत्र्यांचे केस कापणाऱ्या ग्रूमरने मला आत बोलावलं आणि टेबलाकडे बोट दाखवलं. आमच्या खारीक कुत्रीच्या अंगावरून उतरवलेले केस तिथे होते, पण न्हाव्याच्या दुकानात पडतो तसा मोकळा ढीग नव्हता तो. पाठीपासून पोटापर्यंतचा अख्खा पट्टा एकसंध निघाला होता. उचलून धरला तर घोंगड्याच्या तुकड्यासारखा लोंबला. आतल्या बाजूला, जिथे तो कातडीला चिकटून होता, तिथे बोट लावलं तर दमट लागलं. आणि खारीक कोपऱ्यात उभी होती, नऊ महिन्यांची, गुलाबी कातडी दिसेल इतकी बारीक कापलेली, दोन्ही काखांत लाल चट्टे. मला बघून तिने शेपूट हलवली. शेपटीच्या टोकाचा गोंडा तेवढा वाचला होता.

"मी रोज विंचरत होते," मी म्हणाले. खरंच विंचरत होते. ग्रूमर बाई रागावली नाही. तिने स्टीलचा कंगवा घेतला, शेपटीच्या गोंड्यात कातडीपर्यंत घातला आणि टोकाकडे ओढला. चार बोटांवर तो अडकला. "तुम्ही वरवर विंचरत होतात," ती म्हणाली. "कातडीपर्यंत कधी पोचलाच नाहीत."

गाडीत बसल्यावर मी रडले. तिला इतके महिने ते अंगावर वागवावं लागलं आणि तिने एकदाही कुरकुर केली नाही, याचं वाईट वाटत होतं.

खारीक लॅब्राडूडल आहे, म्हणजे लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर. मेलबर्नमध्ये आम्ही राहतो त्या पॉइंट कुक भागात मराठी घरं बरीच आहेत, आणि महिन्यातून एकदा तरी कुणी ना कुणी विचारतंच, "तुमच्यासारखा लॅब्राडूडल घ्यायचाय आम्हाला, त्याचे केस गळत नाहीत ना?" पुण्याहून मावसबहिणीनेही हेच विचारलं. दर वेळी फोनवर सगळं सांगणं होत नाही, म्हणून एकदा नीट लिहितेय.

आमच्या घरात कुत्र्याचा विषय निघाला तो लेकीमुळे आणि अडला तोही तिच्यामुळेच. तिला दम्याचा थोडा त्रास आहे, आणि कातडीवर टोचून करतात त्या ॲलर्जीच्या चाचणीत कुत्र्याच्या खुणेजवळ गांध आली होती. सात वर्षांची होती तेव्हा. तीन वर्षं ती शेजारच्यांच्या कुत्र्यांकडे कुंपणाच्या फटीतून बघत राहिली. मग कुणीतरी लॅब्राडूडलचं नाव सांगितलं, आणि वाचायला लागले तर कळलं की हा संकर जगभर प्रसिद्ध झाला तो याच शहरातून, आणि आमच्यासारख्याच एका घराच्या अडचणीतून.

हवाई बेटांवरच्या एका अंध बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी होती. ऑस्ट्रेलियाच्या रॉयल गाइड डॉग्ज संस्थेत पैदाशीचं काम बघणारे वॉली कॉनरन यांच्यापर्यंत ही विनंती आली. त्यांनी आधी नुसते पूडल घेऊन पाहिले, कारण पूडलचे केस फारसे गळत नाहीत. तेहेतीस पूडल तपासले, एकही त्या कामाला उतरला नाही. शेवटी १९८९ च्या सुमाराला त्यांनी लॅब्राडॉर मादी आणि मोठा पूडल यांची पिल्लं घेतली. तीन झाली. तिघांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने विमानाने हवाईला पाठवले, आणि त्यातलं एकच त्या नवऱ्याला चाललं. त्याचं नाव सुलतान. एकाच आईबापाची तीन पिल्लं आणि त्यातलं एक! ही गोष्ट सांगताना बहुतेक लोक सुलतानपाशी थांबतात. मला वाटतं, खरी ऐकायची गोष्ट उरलेल्या दोघांची आहे.

कारण संकर म्हणजे दुधात साखर विरघळली, असं होत नाही. पत्ते पिसल्यासारखं होतं. कुणाच्या वाट्याला पूडलचे कुरळे केस, कुणाच्या वाट्याला लॅब्राडॉरचे गळणारे, कुणाला दोन्हींचं मधलंच काही. लॅब्राडूडल ही आजही कुठल्या मोठ्या केनेल संस्थेने मान्य केलेली जात नाही. तिला ठरलेलं माप नाही, ठरलेला केस नाही. मध्यम आकाराचे म्हणून विकतात ते साधारण खांद्याशी ४३ ते ५२ सेंटिमीटर भरतात. खारीक ४७ सेंटिमीटर आणि १७ किलो आहे. पण तिचा सख्खा भाऊ, जो आम्हाला बीचवर भेटतो, तो तिच्याहून चांगला वीतभर उंच झालाय. मध्यम म्हणून घेतला होता तोही. स्वतः कॉनरन यांनी पुढे जाहीरपणे खंत बोलून दाखवली की त्यांच्या मागोमाग लोकांनी तपासणी न करता वाटेल तसे संकर करून विकले. म्हणून पिल्लाच्या आईबापाचे कंबर-कोपरांचे एक्सरे आणि डोळ्यांच्या जनुकीय चाचण्यांचे कागद मागून घ्यावेत. संकर म्हणजे आपोआप निरोगी, हे खरं नाही. ब्रिटनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने २०२४ मध्ये नऊ हजारांवर कुत्र्यांची माहिती तपासली, त्यात लॅब्राडूडल होते. बहुतेक आजारांच्या बाबतीत ते आपल्या मूळ जातींपेक्षा ना बरे निघाले ना वाईट.

ॲलर्जीचंही तसंच. डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच भेटीत समजावलं होतं की त्रास केसांनी होत नाही, कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांनी होतो, आणि ती प्रथिनं नसलेला कुत्रा जन्माला येत नाही. नेदरलँड्समध्ये २०१२ साली लॅब्राडूडल असलेल्या घरांतली हवा मोजली होती. त्यातलं मुख्य प्रथिन इतर कुत्र्यांच्या घरांइतकंच होतं. तेव्हा छापील आश्वासनावर न जाता आम्ही सुलतानच्या वाटेने गेलो. जिच्या पोटची पिल्लं घेणार होतो त्या कुत्रीबरोबर लेकीला तीन शनिवार दोन-दोन तास बसवलं. तिच्या अंगावरून पुसलेला टॉवेल घरी आणून लेकीच्या उशाशी ठेवला, डॉक्टरांना विचारून, दम्याचा पंप हाताशी ठेवून. पहिल्या रात्री मी झोपले नाही. तिला शिंकासुद्धा आल्या नाहीत. दुसऱ्या एका घरच्या लॅब्राडूडलजवळ मात्र पंधरा मिनिटांत तिचे डोळे सुजले होते. म्हणजे जात चालते की नाही हा प्रश्नच नाही. हा कुत्रा आणि हे मूल, एवढंच बघायचं.

फेब्रुवारीत आठ आठवड्यांची खारीक घरी आली. रंगामुळे नाव आधीच ठरलं होतं. सांगलीहून आईनेच फोटो बघून सुचवलं. विकणाऱ्यांनी निरोप देताना सांगितलं, "केस गळत नाहीत, फार काही करावं लागत नाही. आठवड्यातून एकदा ब्रश फिरवा." हे वाक्य मी तेव्हा मनापासून मानलं. आज त्यावर माझा राग आहे. त्यांना माहीत नसेल असं नाही.

पहिले काही महिने सगळं सोपं गेलं. लसीचे डोस झाले, तीन महिन्यांची होताच कौन्सिलमध्ये नोंदणी केली (आमच्या व्हिक्टोरिया राज्यात ती सक्तीची आहे, आणि मायक्रोचिप विकण्याआधीच बसवलेली असावी लागते). शिकायला इतकी हुशार की "बस" आणि "थांब" दोन दिवसांत, तेही मराठीतच. पूडलची अक्कल आणि लॅब्राडॉरचा लोभसपणा म्हणतात, पण त्याची दुसरी बाजूही पदरात येते. त्या अकलेला रोज काम लागतं. एक दिवस फिरायला नेलं नाही तर संध्याकाळी ती सोफ्याच्या उशीची शिवण दाताने एकेक टाका करून उसवते. दिवसाला दोन वेळा मिळून सव्वा तास तिला चालवावंच लागतं, आणि त्यात पाच-दहा मिनिटं वास शोधायचा खेळ असला की ती घरी शांत पडते. एकटं राहणं तिला जड जातं. आम्ही पाच मिनिटांपासून सुरुवात करून चार महिन्यांत तिला तीन तासांपर्यंत नेलं. ज्यांचं घर दिवसभर रिकामं असतं त्यांनी हा कुत्रा घेऊ नये असं मी स्पष्टच सांगते.

चूक झाली ती हिवाळ्यात. जून-जुलैत इथे रोजची रिपरिप. तिला थंडी वाजू नये म्हणून मी जाकीट घालायची, वर छातीचा पट्टा. बाहेरून आलो की जाकीट काढून टॉवेलने खसाखसा पुसायची. रोज ब्रश फिरवायची, आणि वरून ती अगदी खेळण्यातल्या अस्वलासारखी फुललेली दिसायची. ऑगस्टच्या शेवटी तिला काखेत हात घालून उचललं तर ती कळवळली. तिथे सुपारीएवढी गाठ लागली. मग दुसरी. मग लक्षात आलं की गाठी वेगवेगळ्या नाहीतच, सगळं एकच आहे.

कारण मला नंतर कळलं. लॅब्राडॉरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वर राठ आणि आत मऊ लव. ती लव सतत झडते. म्हणूनच लॅब्राडॉरच्या घरात सोफ्यावर केसांची चादर असते. पूडलचा केस लांब वाढत राहतो आणि कुरळा असतो, झडलेला केस त्या वेटोळ्यातच अडकून बसतो. आता या दोघांना एकत्र करा. आतली लव झडतेच आहे, पण बाहेर पडायला वाट नाही. त्यात साधारण आठ ते बारा महिन्यांच्या वयात पिल्लाचे केस जाऊन मोठेपणीचे येतात, तेव्हा हे सगळ्यात जास्त होतं. आणि वर ओल, घासणारं जाकीट आणि खसाखसा टॉवेल. आमच्याकडे घोंगडं मागावर विणतात, पण जेन विणत नाहीत. लोकर भिजवायची, थापायची, दाबून चोळायची, की तंतू एकमेकांत शिरून आपोआप जाड पट बनतो. मी तीन महिने खारीकच्या अंगावर जेन बनवत होते.

केस गळत नाहीत म्हणजे ते जमिनीवर पडत नाहीत, एवढंच. ते कुत्र्याच्या अंगावरच थांबतात आणि रोज आपल्या हाताने काढावे लागतात. आठवड्यातून एकदा ब्रश फिरवून भागत नाही.

ग्रूमर बाईने त्या दिवशी आणखी दोन गोष्टी सांगितल्या त्या मोलाच्या ठरल्या. एक, गाठ कधीही कात्रीने कापायची नाही. गाठीबरोबर कातडी वर खेचलेली असते आणि ती कुठे सुरू होते ते दिसत नाही. दुसरी, कानावरची जट निघाली की कुत्रा मोकळं वाटून जोरजोरात कान झाडतो आणि त्याने कानाच्या पाळीत रक्त साकळू शकतं. दोन दिवस लक्ष ठेवा. खारीकने खरंच रात्रभर कान झाडले. लेकीचा जुना लोकरी मफलर आम्ही तिच्या डोक्याभोवती सैल बांधून ठेवला.

ऑक्टोबरात आई सहा महिन्यांसाठी आली. खारीकचे केस तोवर जेमतेम बोटाच्या पेराएवढे आले होते. मी नवा बारीक तारांचा स्लिकर ब्रश, बारीक-जाड दातांचा स्टीलचा कंगवा, केस मोकळे करायचा फवारा, सगळं घेऊन मागच्या अंगणात बसले आणि मानेपासून कंगवा ओढला. आई दारात उभी राहून बघत होती.

"मुळापासनं वडतीस कशाला गं? तुजी वेणी मी अशी घालत होते व्हय?"

ती येऊन पाटावर बसली. खारीकला आपल्या मांडीला टेकवलं. डाव्या हाताने केसांचा एक भाग वर उचलून धरला, अगदी कातडीचा भांग दिसेपर्यंत. मुळाशी दोन बोटांनी घट्ट चिमूट धरली, म्हणजे ओढ कातडीला लागणार नाही. आणि कंगवा आधी टोकाला लावला. टोक सुटलं की अर्धा इंच वर. मग आणखी अर्धा इंच. शेवटी कातडीपासून टोकापर्यंत एकदा सरळ. कंगवा न अडकता बाहेर आला की तेवढा पदर सोडायचा, त्याच्या वरचा पदर घ्यायचा. दीड बोट रुंदीचे पदर. मांडीपासून सुरू करून पाठीच्या कण्याकडे.

ग्रूमरने मला व्हिडिओत हेच दाखवलं होतं, त्याला एक इंग्रजी नावही होतं. आईने तो व्हिडिओ पाहिलेला नव्हता. तिला तीन मुलींच्या गुडघ्यापर्यंतच्या वेण्या माहीत होत्या. खारीक दहा मिनिटांत तिच्या मांडीवर झोपली. माझ्यापाशी ती तीनदा उठून गेली होती.

"जट हू द्यायची न्हाई," आई म्हणाली, आणि मग थोडा वेळ गप्प राहिली. आमच्या गल्लीत एक बाई होती, डोक्यात जट आली म्हणून देवीच्या नावाने ठेवलेली. मी लहान असताना ती मान एका बाजूला कलती धरून चालायची. वजनाने. रात्री तिला उशीवर डोकं ठेवता यायचं नाही. अंनिसच्या कार्यकर्त्या अशा बायकांच्या जटा सोडवतात तेव्हा त्या बायका सगळ्यात आधी मान हलवून बघतात, असं मी ऐकलं होतं. आईलाही तीच बाई आठवली होती हे मला न बोलता कळलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी वीस मिनिटं हे ठरलं. पूर्ण अंग रोज होत नाही. एक दिवस मागचे पाय, एक दिवस पोट आणि छाती, असं वाटून घेतलंय. पण कानामागे, काखांत, पट्ट्याखाली, जांघेत आणि शेपटीच्या बुंध्याशी रोज बघायचंच, कारण गुंता तिथे आधी होतो. जाकीट बंद केलं. छातीचा पट्टा फिरून आल्याबरोबर निघतो. अंघोळ पाच आठवड्यांनी, आणि अंघोळीआधी पूर्ण विंचरून. ओल्या गाठी आवळून बसतात. नंतर टॉवेलने पुसायचं नाही, दाबून पाणी टिपायचं आणि कोमट हवेच्या ड्रायरने मुळापर्यंत सुकवायचं. ग्रूमरकडे सात आठवड्यांनी. हे विंचरणं बाहेरच होतं आणि लेक तेव्हा आत असते, कारण कंगव्याबरोबर कोंडा उडतो. तिच्या झोपायच्या खोलीत खारीकला प्रवेश नाही. हे दोन नियम आम्ही मोडलेले नाहीत, आणि वर्षभरात लेकीचा पंप नेहमीपेक्षा जास्त लागलेला नाही.

कानांचं सांगायला हवं. लोंबते कान, आत केस, आणि लॅब्राडॉरचं पाण्याचं वेड. आल्टोनाच्या कुत्र्यांच्या बीचवर ती लाटेत डोकं घालते. एकदा चार दिवसांनी कानाला आंबलेल्या पिठासारखा वास यायला लागला, आत तपकिरी मळ. बुरशी होती. थेंब घालून बरं झालं, पण आता पाण्यातून आलो की कान उलटे करून कापसाने बाहेरचा भाग कोरडा करते आणि आठवड्यातून एकदा व्हेटने दिलेल्या द्रावणाने साफ करते. कानातली काडी आत घालायची नाही. आणि रोज वास घ्यायचा. वास सगळ्यात आधी सांगतो.

डिसेंबरात कुसळाशी गाठ पडली. इथे उन्हाळा लागला की रस्त्याकडेचं रानटी जवाचं गवत वाळतं आणि त्याची कुसळं सुटतात. आटपाडीकडच्या माळावर लहानपणी मोज्यांत घुसायची तीच तऱ्हा. मागे वळलेले बारीक काटे, त्यामुळे पुढेच सरकतं, मागे येत नाही. आपल्या मोज्यात ते दिसतं. खारीकच्या बोटांमधल्या केसांत दिसत नाही. ती पुढचा उजवा पंजा चाटायला लागली. पहिल्या दिवशी मला वाटलं, सवय आहे. दुसऱ्या दिवशी दोन बोटांच्या मध्ये वाटाण्याएवढा फुगा आला, मध्यभागी सुईच्या टोकाएवढं भोक, त्यातून लालसर पाणी. व्हेटने गुंगीचं औषध देऊन बारीक चिमट्याने ते काढलं आणि मला एका कापसाच्या बोळ्यावर ठेवून दाखवलं. जेमतेम दीड सेंटिमीटर. आणखी दोन दिवस थांबले असते तर ते पायात वर चढलं असतं, मग शोधायला शस्त्रक्रिया. आता नोव्हेंबर ते जानेवारी पंज्यांचे केस अगदी बारीक ठेवून घेते. फिरून आलं की पायरीवर बसून सोळाच्या सोळा बोटांच्या बेचक्यांत बोट फिरवते, कान बघते, काख बघते. दोन मिनिटांचं काम आहे. ज्यांनी केसाळ कुत्रा पाळलाय त्यांनी याला कंटाळा करू नये.

आणि बेदाणे. हे मराठी घरांसाठी मुद्दाम.

जानेवारीत आईच्या इच्छेने सत्यनारायण घातला. पंचवीसएक माणसं, खारीक मागच्या खोलीत. लोक गेल्यावर दार उघडलं, आणि आम्ही निरोप देत असताना तिने टीपॉयवर राहिलेले तीन द्रोण चाटूनपुसून साफ केले. सव्वाच्या प्रमाणातला साजूक तुपातला शिरा, केळं घातलेला, आणि भरपूर बेदाणे. लॅब्राडॉरची भूक हा नुसता स्वभाव नाही. साधारण चारांतल्या एका लॅब्राडॉरमध्ये भुकेशी निगडित पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, हे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. खारीकमध्ये तो आहे का ते मी तपासलेलं नाही, पण जेवण पुढे असताना तिला थांबायला सांगणारं आत काही नाही, हे मी रोज बघते.

मला कांदा, लसूण, चॉकलेट माहीत होतं. बेदाणे माहीत नव्हते. लेकीने शाळेत कुणाकडून तरी ऐकलं होतं, ती किंचाळली, "आई, तिने मनुका खाल्ल्या!" प्राण्यांच्या विषबाधेसाठी इथे फोनसेवा आहे. तिथल्या बाईने वजन विचारलं, किती खाल्ले ते विचारलं, आणि म्हणाली, लक्षणांची वाट बघू नका, आत्ता निघा. द्राक्षं आणि बेदाण्यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत निकामी होतात. कुणाची होतील आणि किती खाल्ल्यावर, ते आधी सांगता येत नाही. रात्री दहाला उलटी करवणारं इंजेक्शन दिलं. अख्खे बेदाणे बाहेर आले, मी बावीस मोजले. मग दोन दिवस सलाईन आणि रक्ताच्या तपासण्या. आकडे ठीक राहिले.

आई त्या दोन रात्री देवापाशी बसून होती. "परसादानं कसं हुईल असं," एवढंच म्हणायची. तिला मी सांगितलं की दोष शिऱ्याचा नाही, द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाचा असावा असं अलीकडे मानतात. मग व्हेटकडून कळलं की चिंचेतही तेच आम्ल भरपूर असतं आणि चिंच खाऊनही कुत्र्यांना असाच त्रास झालेला आहे. म्हणजे आपली आमटी, सार, चिंचगुळाची भाजी, काहीच खाली सांडता कामा नये. तेव्हापासून आमच्या शिऱ्यात बेदाण्यांऐवजी काजू पडतात, तेही प्रसाद वाटून झाला की लगेच झाकून वर. कुत्रा असलेल्या घरी पूजेला जाताना मी हे आधी फोन करून सांगते. कुणाला आगाऊपणा वाटला तरी चालेल.

मार्चमध्ये ग्रूमरकडे गेलो तेव्हा बाईने पुन्हा तोच स्टीलचा कंगवा घेतला. मान, काख, जांघ, शेपटीचा बुंधा. कातडीपासून टोकापर्यंत कंगवा सगळीकडून मोकळा आला. तिने माझ्याकडे बघून मान हलवली आणि विचारलं, "लांबी किती ठेवू?" पहिल्या वेळी हा प्रश्न विचारण्याजोगी परिस्थितीच नव्हती. मी तीन सेंटिमीटर सांगितलं. त्या लांबीत ती अस्वलासारखी दिसत नाही, पण मला ती रोज मुळापर्यंत विंचरता येते.

एप्रिलमध्ये आई परत गेली. विमानतळावर तिने मला जवळ घेतलं, लेकीला घेतलं, आणि मग गाडीत बसलेल्या खारीकच्या कानामागे बोटं घालून बघितली.

आता रविवारी दुपारी, सांगलीत तिचा सकाळचा दुसरा चहा होत असतो तेव्हा, व्हिडिओ कॉल लागतो. लेकीची चौकशी होते, माझ्या गुडघ्याची होते. मग खारीक आवाज ऐकून येते आणि फोनला नाक लावते.

"सरक जरा मागं," आई तिला म्हणते. आणि मग मला, "कानामागं दाखव."

मी कान उचलून फोन जवळ नेते.

"उजेडात धर की."